तांबड्या पाण्याचे रविवार

गेल्या वर्षी श्रावण षष्ठीच्या यात्रेनंतरच्या रविवारी सकाळी आमच्या वाडीच्या झऱ्याला तांबडं पाणी आलं. त्या वेळी वाडीत एकच माणूस राहत होता. तो माझा थोरला भाऊ.

वाडी जोतिबाच्या डोंगराच्या उतारावर आहे. देवळाच्या बरीच खाली, पायथ्याच्या गावाच्या बरीच वर. गाडीरस्ता तिथे जात नाही. गावातल्या दूध डेअरीच्या मागून पायवाट निघते, एका आंब्यापाशी वळते आणि मग सरळ चढते. मी लहान होतो तेव्हा तिथे पाच घरं होती. एक घर मुलांच्या शाळेसाठी खाली उतरलं. एकाला औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. एका घरातल्या म्हातारीचे गुडघे गेले, तिला पाठीवर घेऊन उतरवली आणि मग बाकीचेही तिच्यामागे गेले. कोणी भांडून गेलं नाही, कोणी डोंगराला भिऊनही गेलं नाही. जाताना प्रत्येकाने कौलं, वासे आणि दारं काढून नेली. भिंती राहिल्या, त्यांत घाणेरी वाढली.

दादा राहिला. वहिनी वारल्या. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दादाकडे एक म्हैस होती, दोन वाफे भुईमूग आणि घराशेजारचा तो झरा. डोंगराच्या पोटातून पाणी येतं आणि एका दगडी डोणीत पडतं. डोण कोणी कोरली ते कोणाला माहीत नाही. शेजारी दगडी कट्टा आहे. पूर्वी संध्याकाळी तिथे पाची घरांची माणसं बसायची.

मी कोल्हापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं आणि तिथूनच निवृत्त झालो. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी एकटाच असतो. दादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"जेवलास?"

"अजून नाही. तू?"

"आत्ता बसतोय. पाऊस हाय का तिकडं?"

"आहे."

"हिकडंबी हाय."

एवढं झालं की तो फोन ठेवायचा. कित्येक वर्षं आमचं बोलणं एवढंच होतं आणि दोघांपैकी कोणी ते वाढवायचा प्रयत्न केला नव्हता.

त्या रविवारी त्याचा फोन सकाळीच आला. तो मोठ्याने बोलत होता. मागे आणखी माणसांचे आवाज होते. "बारक्या, येऊन बघ की. झऱ्याला गुलाल आलाय, देवळातनं देव खाली आलाय म्हणत्यात समदी!"

वाडीत माणसांचे आवाज ऐकू येत आहेत, हे पाण्याच्या आधी माझ्या लक्षात आलं.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं तर डोंगराबद्दल थोडं सांगावं लागेल. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा धुमसणारा पर्वत डोळ्यांसमोर येतो. आमच्याकडे तसं झालं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा वर आला आणि तवाभर पीठ पसरावं तसा पसरत गेला. तो थंड झाला. मध्ये मोठा काळ काहीच घडलं नाही. मग पुन्हा लाव्हा आला. असे थर एकावर एक चढत गेले. पश्चिमेला गगनबावड्यापाशी हे थर एकदम तुटतात. खाली कोकण आणि कोकणापलीकडे समुद्र. त्या कड्यापासून एक सोंड पूर्वेकडे निघते. तिच्यावर पन्हाळा आहे आणि शेवटी जोतिबा. पावसाळ्यात समुद्रावरचे ढग त्या कड्याला अडतात, वर चढतात आणि सोंडेच्या कडेकडेने आमच्यापर्यंत येतात. तोवर ते पुष्कळसे रिकामे झालेले असतात, तरी आमच्या वाडीला पुरून उरतात.

डोंगराचा काळा दगड कठीण आहे. देऊळ त्याचंच आहे, आमच्या घराचं जोतंही त्याचंच. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेली भोकं आहेत आणि त्यांत पांढरे स्फटिक. आम्ही लहानपणी त्या गारगोट्या खिशात भरून शाळेत न्यायचो. दोन काळ्या थरांच्या मध्ये मात्र एक तांबडा पट्टा आहे. कुठे गुडघ्याएवढा, कुठे कमरेएवढा. लाव्हा यायचा थांबला त्या काळात वरचा दगड कुजून त्याची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हा पट्टा आमच्या घराच्या मागून जातो. दिवाळीच्या आधी आई तिथली माती खुरप्याने काढायची, रात्रभर मडक्यात भिजत घालायची, सकाळी वरचं पाणी ओतून द्यायची आणि तळाच्या राबडीने चूल सारवायची, भिंतीच्या पायाला पट्टा ओढायची. आम्ही तिला 'घरामागची तांबडी' म्हणायचो. झरा त्या पट्ट्याच्या अगदी वरून निघतो.

आणि वर देऊळ आहे. रविवारी, पौर्णिमेला, यात्रेला तिथे गुलाल उधळला जातो. पायऱ्या, भिंती, शिखरं, कबुतरं, कुत्री, चहाच्या टपऱ्या, सगळं गुलाबी होतं. यात्रेनंतर पाऊस पडला की ओढ्याला गुलाबी पाणी येतं. ते आम्ही दर वर्षी पाहत आलो. त्यामुळे गवताला आलेल्या एका बाईने झऱ्याचं तांबडं पाणी पाहिलं, तेव्हा तिने वेगळा विचार करण्याचं कारण नव्हतं. तिने विळा खाली ठेवला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणाली, ते पाणी कपाळाला लावलं आणि मग दादाच्या कपाळाला लावलं. दुपारपर्यंत गावातून पंधरा-वीस माणसं वर आली होती.

त्या आठवड्यात आमच्याच दैनिकात बातमी आली. तालुक्याच्या तरुण बातमीदाराने ती लिहिली होती. डोंगराच्या झऱ्यातून गुलालाचं पाणी येत असल्याची भाविकांची श्रद्धा आहे, असं वाक्य होतं. पुरावा नसलेल्या गोष्टीसाठी आम्ही डेस्कवर हीच वाक्यरचना वापरायचो. बातमीत चूक नव्हती. सोबत फोटो होता. फोटोत दादा डोणीपाशी उभा होता, कपाळ तांबडं, तोंड उघडं. तो हसतो आहे हे समजायला मला जरा वेळ लागला.

दुसऱ्या रविवारी मी गेलो. आंब्यापासून वर पायवाटेवर माणसं होती; बायका, कडेवरची पोरं, हातात प्लास्टिकच्या बाटल्या. कट्टा भरला होता. उरलेली माणसं पडक्या घरांच्या जोत्यांवर बसली होती. ज्या घरांनी दारं काढून नेली होती, त्या घरांतलीही माणसं त्यांत होती. ती आपापल्या जुन्या जोत्यावर बसली होती, आणि ते ठरवून केलेलं नव्हतं.

दादा मोठ्या पातेल्यात चहा करत होता. डेअरीला जाणारं त्या दिवशीचं दूध त्यात गेलं होतं. त्याने स्टीलचे नवे पेले आणले होते.

एका म्हाताऱ्याने मला ओळखलं. शाळेत तो माझ्या दोन इयत्ता पुढे होता. "काय पेपरवालं, आलासा का? बघा की, आमी किती वर्सं म्हणतोय वाडीच्या रस्त्याची बातमी छापा, ती छापली न्हाईसा. झऱ्याची छापलीसा ती बी फोटूसकट."

"मी आता पेपरात नाही."

"मग तर लईच बरं. आता खरं बोलायला हरकत न्हाय."

सगळे हसले. दादाही हसला. त्याने माझ्या कपाळाला बोट लावलं आणि पेला हातात दिला.

चहा पिऊन मी घराच्या मागे गेलो. गोठ्यापासून भुईमुगाच्या वाफ्यापर्यंत अंगणात शेणाने सारवलेली एक रेघ होती. रेघ ताजी होती. बाकीचं अंगण सारवलेलं नव्हतं. मी बोटाने दाबून पाहिलं. शेण आत गेलं आणि बोटही आत गेलं.

दादा मागे येऊन उभा होता.

"हे काय आहे?"

"उंदीर."

"उंदीर असा सरळ रेघेत जातो?"

"डोंगरातलं उंदीर हाय. त्याला तुमच्या कोल्हापूरचं वळण न्हाय." तो म्हणाला आणि लोकांना चहा द्यायला गेला.

निघताना मी एक बाटली भरून घेतली. रांगेतल्या बाईला वाटलं मीही तीर्थ नेतो आहे. तिने मला पुढे जागा दिली.

आमच्या गल्लीत भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. डोंगरावरच्या एका पुरवणीसाठी मी पूर्वी त्यांच्याबरोबर पन्हाळा आणि जोतिबा पायी पाहिला होता. वर जी माहिती लिहिली ती त्यांच्याकडूनच मिळालेली आहे. आता त्यांना चढ चढवत नाही. त्यांनी बाटली उजेडात धरली, मग दोन काचेचे पेले आणले. एकात झऱ्याचं पाणी ओतलं. दुसऱ्यात साधं पाणी घेऊन त्यात देवघरातला चिमूटभर गुलाल टाकला. दोन्ही पेले खिडकीत ठेवले आणि उद्या या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुलालाचं पाणी होतं तसंच गुलाबी होतं. झऱ्याचं पाणी वर निवळलं होतं आणि पेल्याच्या तळाला तांबड्या गाळाचा थर बसला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन चोळला.

"गुलाल असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

त्यांनी मला भाकरीच्या चळतीचं उदाहरण दिलं. काळे थर म्हणजे भाकऱ्या. तांबडा पट्टा म्हणजे दोन भाकऱ्यांमध्ये लावलेली चटणी. पाऊस वरच्या दगडाच्या भेगांतून खाली उतरतो, चटणीवर अडतो आणि कडेने बाहेर पडतो. तो तुमचा झरा. पाणी निवळ येतं तोवर चटणी जागेवर आहे. पाणी चटणी घेऊन यायला लागलं की वरची भाकरी कशावर बसली आहे हे सांगता येत नाही.

अंगणातली रेघ मी त्यांना सांगितली. त्यांनी बोटावरचा गाळ पुसला.

"तिथं राहतं कोण?"

"माझा भाऊ."

"एकटाच?"

"रविवारी नाही."

मी तलाठ्यांना फोन केला. दोन दिवसांनी ते वाडीत जाऊन आले, फोटो काढले, वरिष्ठांना कळवतो म्हणाले आणि घर रिकामं करा असं दादाला सांगून गेले. दादाने त्यांनाही चहा दिला. हे मला त्यांच्याकडून कळलं. दादाने फोनवर सांगितलं नाही. फोनवर तो आता माणसांबद्दल बोलायचा. हातकणंगल्याहून एक कुटुंब आलं होतं. गडमुडशिंगीची एक बाई नातवाला घेऊन आली होती आणि ते पोरगं म्हशीला बघून रडलं. कोण किती वेळ बसलं, कोणाला चहात साखर कमी लागली, कोणी काय विचारलं. माझ्या जेवणाचं विचारायचं तो विसरत असे.

तिसऱ्या रविवारी मी पहाटेच्या बसने निघालो आणि कोणी यायच्या आधी वाडीत पोचलो. पाऊस बारीक होता. डोंगर ढगात होता. दादा डोणीत उतरून उभा होता. पाण्याला अडसर लावून त्याने ते बाजूला वळवलं होतं आणि डोणीच्या तळाचा गाळ घमेल्यात भरत होता. शेजारी एक घमेलं भरलेलं होतं. गाळ तांबडा होता. त्याने मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही.

"रोज काढतोस?"

"रोज. पयल्या आठवड्यात समदं मिळून एक घमेलं निघालं. आता रोजचं हाय."

मी बाटली आणि पेल्यांचं सांगितलं. प्राध्यापकांचं सांगितलं. तो ऐकत होता.

"आई चूल कशानं सारवायची, इसरलास व्हय?" तो म्हणाला. "मी पयल्या दिवशीच वळखलं. ओंजळीत घेतल्याबरुबर. गुलाल असा बोटाला चिकटतोय काय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी कुठं गुलाल म्हटलं? त्या बाईनं म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला बोट लावलं." त्याने अडसर काढला. पाणी पुन्हा डोणीत पडायला लागलं. "माझ्या कपाळाला कुणी बोट लावून किती वर्सं झाली, तुला ठावं हाय?"

मी कट्ट्याकडे पाहिलं.

"त्या कट्ट्यावर माझ्याबिगर शेवटचं माणूस कवा बसलतं, सांग बघू. पेपरवाला हाईस न्हवं? सांग की."



त्याने घमेली उचलून मागे नेली आणि उतारावर ओतली. मी त्याच्यामागे गेलो. शेणाची रेघ पुन्हा सारवलेली होती आणि आता ती तळहाताएवढी रुंद होती. रेघेच्या खालच्या बाजूचं अंगण वरच्या बाजूपेक्षा किंचित खाली गेलं होतं. गोठ्याच्या दाराची चौकट तिरकी झाली होती.

"खाली उतर," मी म्हणालो. "माझ्याकडे ये."

"तुझ्या त्या खोक्यात? काय करू तितं? तू एका खोलीत, मी एका खोलीत. फोन करून जेवलास का म्हणून इचारू?"

"तुझं तू बघ मग. पण रविवारी या कट्ट्यावर पोरं असतात."

तो गोठ्यात गेला आणि म्हशीची धार काढायला बसला.  मग खालून माणसांचे आवाज यायला लागले. तो चहाचं पातेलं घासायला उठला. त्या दिवशीही त्याने सगळ्यांना चहा दिला. पण तो एकदाही कट्ट्यावर बसला नाही. घराच्या कोपऱ्यावर उभा राहून कोण कुठे बसलं आहे ते पाहत होता. मुलं अंगणाकडे गेली की त्यांना हाका मारून पुढे बोलवत होता.

चौथ्या रविवारी मी बसमधून उतरून डेअरीच्या मागे आलो, तेव्हा आंब्यापाशी गर्दी थांबलेली होती. दादा पायवाटेच्या मधोमध उभा होता. हातात म्हशीला हाकायची काठी, ती त्याने आडवी धरली होती.

"पावणं, मागं फिरा," तो म्हणत होता. "वर जाऊ नगा. पाणी संपलं."

"संपलं कसं? वरनं पाण्याचा आवाज येतोय की."

"गुलाल न्हाय त्यो. माती हाय. घरामागची तांबडी माती हाय. डोंगुर सुटाय लागलाय."

पुढे उभी असलेली बाई गावातलीच होती. झऱ्याचं तांबडं पाणी पहिल्यांदा पाहणारी तीच. "अवो भाऊजी, मी माझ्या हातानं तुमास्नी लावला न्हवं गुलाल? तवा माती न्हवती ती? तवा बरं चांगभलं म्हटलासा."

"म्हटलं. चुकलं."

"आता पाण्याची बाटली इकायची म्हणून आडवतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हातारा लई बेरकी हाय गा. पयल्यांदा पेपरात फोटू छापून घेतला, आता गेट लावतोय."

"देवाची वाट आडवतोस? फेडशील कुठं?"

दादाने काठी खाली घेतली नाही. मी गर्दीच्या मागे होतो. पुढे जाऊन प्राध्यापकांचं सांगावं म्हणून मी वाट काढत होतो. तेवढ्यात मला दुसऱ्या रविवारी ओळखणारा तो म्हातारा पुढे झाला. तो रागावलेला नव्हता.

"आरं, डोंगुर सुटलाय म्हणतोस," तो म्हणाला, "मग तू कसा ऱ्हातोस वर? तुला न्हाय व्हय भ्या?"

 दादा त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने काठी खाली घेतली.

"मी बी उतरतोय," तो म्हणाला. "आजच. हितंच थांबा. कुणी वर येऊ नगा."

तो वळून वर गेला. मी त्याच्यामागे गेलो. कोणी आलं नाही. वर त्याने म्हैस सोडली, दुधाची कॅन आणि एक गाठोडं मला दिलं, दाराला कडी घातली. कुलूप शोधलं, ते सापडलं नाही. नवे पेले त्याने कट्ट्यावर उपडे घालून ठेवले. आम्ही उतरलो. आंब्यापाशी लोक तसेच उभे होते. म्हैस पुढे, तो मागे, असा तो त्यांच्या मधून गेला. त्यांनी वाट दिली. मग एकेक करून बाटल्या पिशवीत टाकून ते परत फिरले.

डेअरीच्या मागे एकाचा रिकामा गोठा होता. तिथे म्हैस बांधली. दादा त्याच गोठ्याच्या पडवीत झोपू लागला. माझ्याकडे यायला तो तयार नव्हता. म्हशीचं कारण सांगायचा. फोन पुन्हा संध्याकाळी येऊ लागला.

"जेवलास?"

"जेवलो. कोण आलं होतं का?"

"कोण येतंय?"

गणपती आले. पाऊस चालू होता. डोंगर जागेवर होता. डेअरीवर दूध घालायला येणारे लोक त्याची चेष्टा करत. मी एकदा सकाळी तिथे असताना हे ऐकलं आहे. "काय गा, सुटला का तुझा डोंगुर? का त्यानंबी गणपती बघून जातो म्हटलंय?" दादा कॅन पुढे करायचा, माप घ्यायचा, गोठ्यात जायचा. आरतीला त्याला कोणी बोलावलं नाही. बोलावलं नाही हे मला त्याने सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गोठ्यात काम असतंय."

त्या दिवसांत तो वर जाऊन येत असे. घर बघून येतो म्हणायचा. एकदा त्याने तिथे रात्र काढली. हे त्याने मला सांगितलं नाही, डेअरीवाल्याने सांगितलं. मी फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "भिंती माझ्या हाईत. त्यास्नी तरी बघाय नको?"

विसर्जनानंतरच्या आठवड्यात एका सकाळी तो गोठ्यात धार काढत असताना डोंगर सुटला. आदल्या संध्याकाळी तो वर गेला होता. झोपायला तिथेच थांबणार होता, पण सकाळची धार चुकली तर म्हैस पान्हा चोरते, म्हणून अंधार पडायच्या आत परत आला. त्याने सांगितल्याप्रमाणे आवाज फार मोठा झाला नाही. खडीचा ट्रक लांब कुठेतरी रिता करावा तसा झाला. म्हशीने मान वर केली. तो बाहेर आला तेव्हा वर ढग होता आणि काही दिसत नव्हतं. ढग हलल्यावर उतारावर तांबडा पट्टा दिसला. आमच्या घरामागून जो पट्टा जायचा, तो आता या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा होता.

मी दुपारी पोचलो. तांबड्या पट्ट्यावरची काळ्या दगडाची भाकरी मोडून खाली आली होती. झरा, डोण, कट्टा आणि तीन पडकी घरं तिच्याखाली गेली होती. आमच्या घराची पुढची भिंत उभी होती, कडी घातलेलं दार तसंच होतं. दाराच्या मागे घर नव्हतं. दगड आंब्याच्या बरेच वर थांबले होते. गावाला काही झालं नाही. कोणी जखमी नव्हतं. कोणाचं जनावर गेलं नाही.

तालुक्याच्या बातमीदाराचा फोन आला. मी त्याला जे पाहिलं ते सांगितलं. जीवितहानी नाही, असं त्याने लिहिलं. त्याने दादाशीही बोलायचा प्रयत्न केला. दादाने फोन मला परत दिला.

संध्याकाळी डेअरीसमोर लोक जमले होते. गवताला आलेल्या त्या बाईने डोंगराकडे तोंड करून हात जोडले. "ज्यांनी गुलाल लावला त्या समद्यास्नी देवानं राखलं," ती म्हणाली. बऱ्याच जणांनी मान हलवली. मग तिने दादासाठी ताटात भात आणि आमटी आणली, पडवीत ठेवली आणि ती गेली. तो जेवला. ताट धुऊन त्याने दारात उपडं ठेवलं.

दिवाळीनंतर त्याने म्हैस विकली आणि तो माझ्याकडे राहायला आला. मागची खोली त्याची आहे. तो सकाळी लवकर उठतो. त्या वेळी नळाला पाणी आलेलं नसतं. तो नळ सोडून बघतो, बंद करतो आणि गॅलरीत उभा राहतो. हवा स्वच्छ असली की तिथून दोन इमारतींच्या फटीतून जोतिबाचा डोंगर दिसतो. उतारावरचा तांबडा पट्टा एवढ्या लांबून दिसत नाही. तो दिसतो असं दादाचं म्हणणं आहे.

प्राध्यापकांना मी फोटो दाखवले. चटणीवर अडणारं पाणी नाहीसं होत नाही, ते दुसरीकडून वाट काढेल, असं ते म्हणाले होते.

ते निघालं. यंदाच्या उन्हाळ्याआधी आंब्याच्या वरच्या अंगाला, पडलेल्या दगडांच्या पायाशी पाणी पाझरू लागलं. दादाने ते पहिल्यांदा पाहिलं. दर रविवारी तो सकाळच्या बसने जातो. बरोबर खुरपं आणि घमेलं नेतो. पडलेल्या दगडांतून त्याने पाण्यासाठी एक खळगी केली आहे आणि बाजूला बसण्याएवढी जागा साफ केली आहे. डोण सापडलेली नाही.

गेल्या रविवारी मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. पाणी निवळ आहे. मी त्याची बाटली भरून आणली, खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाला काही बसलं नव्हतं. आम्ही तिथे दुपारच्या बसपर्यंत होतो. तोवर तिथे दुसरं कोणी आलं नाही.